तिसऱ्या ओळीतली दोन टिंबं

३ मार्च

प्रिय भिंगरी,

खट्ट. मग जरा वेळ काहीच नाही. आणि मग फर्र.

आज सकाळी चहा गाळता गाळता हा आवाज मला थेट चाळीस वर्षांपलीकडून ऐकू आला. आमच्या नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीची फळी वर सरकायची, तो खट्ट. लोखंडी पट्टी दाबून पुस्तकातून तिकीट फाडलं जायचं, तो फर्र. आणि मधल्या त्या शांततेत खिडकीदादा समोरच्या माणसाकडे बघायचे. बघणं म्हणजे कसं, तर आमचे चौथीचे मास्तर कविता म्हणायला उभं करण्याआधी बघायचे, तसं. हा कुठल्या ओळीवर अडणार हे त्यांना आधीच कळलेलं असायचं.

फोनवर तू नुसतं हं हं करतेस म्हणून हे पत्र. तू वसतिगृहात गेलीस तेव्हाचा आपला करार मी अजून पाळतो आहे. कागदाला कागदानंच उत्तर.

खिडकीदादांपुढे जागांचा मोठा नकाशा पसरलेला असायचा. प्लॅन म्हणायचे त्याला. विकलेल्या खुर्चीवर निळी रेघ, फोनवर सांगून ठेवलेल्या खुर्चीभोवती लाल गोल. मी जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढले, पण एवढा बोलका नकाशा मला काही काढता आला नाही. "उंच आहात, कडेची घ्या, मागचा शिव्या देईल." "कुठला कान बरा? डावा? मग उजवीकडे बसा." "खोकला आहे ना? दाराजवळ देतो." असं चालायचं. आमचं लग्न नवीन होतं तेव्हा मी आणि तुझी मामी दुसरी घंटा झाल्यावर धापा टाकत पोचलो होतो. वाटेत मामीची चप्पल तुटली होती. ती हातात. बाहेर हाउसफुल्लचा बोर्ड. दादांनी बोर्डाकडे पाहिलं नाही, चपलेकडे पाहिलं. फर्र. तिसऱ्या ओळीतल्या कडेच्या दोन. मी म्हणालो, नशीब! मामी म्हणाली, "नशीब कसलं, चप्पल!"

दोन वर्षांपूर्वी त्या खिडकीला फळ्या ठोकल्या. आता तिकिटं फोनवर. आणि एक्केचाळीस वर्षं तिकिटं फाडणारे खिडकीदादा आमच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर बसून असतात. मी रोज दुपारी जातो, त्यांना शाळेतल्या कविता चालीवर म्हणून दाखवतो. परवा बोलता बोलता कळलं की ह्या माणसानं नाटक असं एकही पाहिलेलं नाही! तिसरी घंटा झाली की ते आत पुढच्या प्रयोगाचा प्लॅन आखायला बसायचे. म्हणाले, "नकाशेवाले, मला दिसायची ती जाणारी तोंडं आणि येणारी तोंडं. मधलं नाटक मी अंदाजानं लावायचो."

त्यांच्या मनात एक नाटक अडकून बसलंय. दोन भावांचं आणि एका होडीचं. वीस वर्षांपूर्वी व्हायचं तेव्हा लोक आपापल्या पायांकडे बघत बाहेर यायचे म्हणे. "सगळेच्या सगळे! काय दाखवत असतील हो आत?" मी आणि मामीनं ते पाहिलेलं आहे, पण मी सांगत नाही. ते नाटक पुन्हा आलंय. शेवटचा प्रयोग अठ्ठावीस तारखेला दुपारी चार वाजता. आणि दादांच्या डोळ्यांत कडेकडून अंधार आत येतोय. डॉक्टर म्हणाले, मधलं वाटीएवढं उरलंय, तेही ह्या वर्षापुरतं धरा.

म्हणून मला पुढची, कडेची दोन तिकिटं हवीत. पुढची डोळ्यांसाठी, कडेची गुडघ्यांसाठी. गेले चार दिवस मी फोनशी झुंजतोय. तो जन्मतारीख विचारतो आणि चाक यंदाच्या सालावर उभं करतो. मी माझ्या जन्मापर्यंत ते मागे ढकलत नेतो तोवर अंगठा सुजतो. मग चित्रांतले सिग्नल ओळखा म्हणतो. सिग्नलचा खांब सिग्नलात धरायचा का, ह्यावर मी पाच मिनिटं विचार केला. मग सहा आकडे पाठवतो. ते लिहून घ्यायला चष्मा आणावा तर, "आपली आठ मिनिटं संपली आहेत." आणि नकाशा! रंगमंच कुठल्या अंगाला आहे तेच लिहिलेलं नाही. आमच्या कचेरीत उत्तर दिशा न दाखवता नकाशा दिला असता तर साहेबांनी तो माझ्या डोक्यावर घातला असता. तिसऱ्या ओळीत कडेच्या दोन खुर्च्या रिकाम्या दिसतात, पण करड्या. बोट लावलं तरी हूं की चूं नाही.

तू फोनांतलीच कामं करतेस. सांग काहीतरी.

तुझा मामा


८ मार्च

प्रिय मामा,

पत्र मिळालं. हसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आता नीट वाच. जन्मतारखेच्या चाकाला हात लावू नकोस, वरच्या सालावर बोट टेकव, तिथे आकडे लिहिता येतात. सहा आकड्यांसाठी चष्मा आधीच नाकावर ठेव. सिग्नलचा खांब धरायचा नसतो. रंगमंच नकाशाच्या खालच्या बाजूला आहे, हे लिहायला हवं होतं हे खरं.

त्या दोन करड्या खुर्च्यांचा नाद सोड. त्या मोडक्या आहेत, म्हणून बंद ठेवल्यात. दुसऱ्या बघ, आणि लवकर बघ, शेवटचा प्रयोग आहे.

आणि मामा, ती पानं बनवणारी माणसंच असतात रे. कुणीतरी रात्रंदिवस खपून केलेलं असतं. एकदम डोक्यावर नकाशा घालू नये.

खिडकीदादांना माझा नमस्कार. लहानपणी मी तुझ्या खांद्यावर होते तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "ह्या बाईंना पुढचं दिसेल ना?" मला बाई म्हणणारा तो पहिला माणूस.

तुझी भिंगरी


१३ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझ्या सूचना भिंतीला चिकटवल्या, चष्मा नाकावर चढवला आणि बसलो. सालाचं जमलं. सिग्नलचं जमलं. सहा आकडेही जमले. पण तोवर पुढच्या ओळी भरल्या होत्या. बाल्कनीखाली सगळ्यात मागे दोन होत्या. तिथून दादांना पुढच्या माणसाची मानगूट दिसेल, दुसरं काही नाही.

पाचव्या ओळीत मात्र तीन खुर्च्या सुट्या होत्या, कडेपासून ओळीनं. म्हटलं, कडेची दादांना आणि शेजारची मला घेऊ. दोन्हींवर बोट लावलं. तेव्हा पाटीवर काय उमटलं माहीत आहे? "एक खुर्ची एकटी राहते आहे. कृपया दुसरी जागा निवडा."

भिंगरे, मी फोन खाली ठेवला. मामी गेल्यापासून माझ्या शेजारच्या खुर्चीबद्दल इतकं हळुवार कुणी बोललं नव्हतं. कुणाच्या मनात आलं असेल हे? खुर्चीलाही एकटं ठेवू नये! ज्यानं कुणी लिहिलं त्याला शाळेत कविता चांगल्या शिकवल्या असणार. मी ते वाक्य पुन्हा वाचत बसलो आणि आठ मिनिटं संपली. पुन्हा आत गेलो तर तिन्ही खुर्च्या गेलेल्या.

मग मला मोडक्या खुर्च्यांचा राग आला. मोडल्या तर दुरुस्त का करत नाहीत? तडक नाट्यगृहात गेलो. दुपारची वेळ, झाडणाऱ्या बाई होत्या. म्हणाल्या, "काय हरवलंय, बाबा?" म्हटलं, दोन खुर्च्या. त्यांनी तिसऱ्या ओळीपर्यंत बॅटरी धरली. मी एकीवर बसलो, मग दुसरीवर बसलो. बाईंनाही बसवलं. हातावर जोर दिला, मागे रेललो. कुरकुर नाही, डगडग नाही. उलट बाकीच्या खुर्च्यांची कापडं घासून चकचकीत झालीत आणि ह्या दोघींची लव अजून उभी! बाई म्हणाल्या, "इथे दोन वर्षांत कुणी बसलेलंच नाही हो. मी नुसती धूळ झटकते."

त्या मोडक्या आहेत हे तुला तिथे, इतक्या लांब, कुणी सांगितलं? तुमच्या ऑफिसात सगळीच खबर येते वाटतं.

पंधरा दिवस उरले. दादा रोज विचारतात, "मिळाली?" मी रोज म्हणतो, "मिळतील." खोटं बोलायला हे वय बरं नव्हे.

तुझा मामा


१८ मार्च

मामा,

तुला कुणी सांगितलं नाही, मीच सांगते.

ती पानं मी बनवली आहेत. चाक, आठ मिनिटं, खाली उलटा पडलेला रंगमंच, सगळं. तुमच्या नाट्यगृहाचं काम आमच्या ऑफिसकडे आलं तेव्हा मी ते मागून घेतलं होतं. वाटलं होतं, एक दिवस मामाला सांगेन की तुझ्या आणि मामीच्या नाट्यगृहाचा नकाशा मी काढला. मग तुझं पहिलं पत्र आलं. कसं सांगणार?

ते हळुवार वाक्यही माझंच. पण मामा, ते खुर्चीच्या दुःखासाठी नव्हतं रे. एकटी उरलेली खुर्ची विकली जात नाही, एवढंच. तुझं पत्र वाचून मी ऑफिसात तोंड धुवायला उठून गेले.

आता त्या दोघींचं. नाट्यगृहानं मला नमुना म्हणून खिडकीवरचे जुने प्लॅन पाठवले होते. अकरा कागद. काय कागद होते! एकही खाडाखोड नाही. मी त्यांवरून ओळी मोजल्या. सगळ्या अकरा कागदांवर तिसऱ्या ओळीतल्या त्या दोन खुर्च्यांवर निळी रेघही नव्हती आणि लाल गोलही नव्हता. नुसतं पेन्सिलीचं एक बारीक टिंब. मी नाट्यगृहाच्या कचेरीत विचारलं, तिथला नवा माणूस म्हणाला, "मोडक्या असतील." मी कुलूप घातलं. ज्यांनी टिंबं काढली त्यांना विचारावं हे माझ्या डोक्यात आलं नाही. ते तुझ्या मागच्या गल्लीत राहतात हे मला माहीत होतं, तरीही.

दोन वर्षं, प्रत्येक हाउसफुल्ल प्रयोगाला, त्या दोन रिकाम्या.

काल मी कुलूप काढलं आणि दुसरं कुणी टपकायच्या आत बाहेरच्या गिऱ्हाइकासारखी बसून दोन्ही घेतल्या. मला माझ्याच पानावर अकरा मिनिटं लागली. एकदा हाकलून दिलं मला! आठाची आता वीस केली आहेत. रंगमंच वर नेला आणि त्यावर ठळक "रंगमंच" लिहिलं. तुझ्या साहेबांनी डोक्यावर घातलेला नकाशा पोचला असं समज.

तिकिटं सोबत आहेत. दादांना विचारशील, ते टिंब कशाचं होतं?

भिंगरी


२२ मार्च

प्रिय भिंगरी,

आधी हे की मी रागावलेलो नाही. ज्या माणसाला स्वतःची चूक अकरा कागदांसकट सांगता येते, त्याच्या हाताखाली मी आनंदानं नकाशे काढले असते. आणि वाक्याचं म्हणशील, तर कविता लिहिणाऱ्यालाही आपण काय लिहून गेलो ते पुष्कळदा ठाऊक नसतं. मी ते माझ्यापुरतं खरं धरलंय. तू त्यात पडू नकोस.

तिकिटं घेऊन दोन जिने कसा चढलो ते कळलं नाही. दादा खिडकीशी बसले होते. म्हटलं, "दादा, मिळाली!" त्यांनी तिकीट डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, मधल्या वाटीत धरलं. ओळ वाचली, आकडा वाचला. चेहरा उतरला.

"ह्या कुणी विकल्या?"

"माझ्या भाचीनं."

"दुसरी घंटा झाली होती का?"

"अहो, प्रयोगाला सहा दिवस आहेत!"

"मग परत करा."

भिंगरे, मी वाद घातला, हातवारे केले, शेवटी चिडून त्यांच्याकडे पाठ करून बसलो. तेव्हा कुठे बोलले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक म्हातारी बाई परगावाहून आली होती. गाडी चुकली म्हणून उशीर. मुलाचं पहिलंच काम होतं, दोन वाक्यांचं. प्रयोग हाउसफुल्ल. दादांच्या हातात काहीच नव्हतं. ती बाई दोन तास बाहेरच्या पायरीवर भिंतीला कान लावून बसली. टाळ्या वाजल्या की विचारायची, "हा माझा होता का?" दादा म्हणायचे, "हो, तुमचाच." दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लॅनवर दोन टिंबं काढली. दुसऱ्या घंटेआधी त्या दोन जागा कुणाला म्हणजे कुणाला नाहीत. कुणी मोठा माणूस आला तरी नाहीत. त्या लांबून, धापा टाकत येणाऱ्याच्या. एक्केचाळीस वर्षांत कधी चुकलं नाही, आणि खिडकीबाहेर कुणाला कळलंही नाही.

मी हळूच विचारलं, "म्हणजे आम्ही आलो होतो तेव्हा..."

"तुमच्या मंडळींच्या हातात चप्पल होती," ते म्हणाले. "डाव्या पायातली."

बघ! चाळीस वर्षं मी त्याला नशीब म्हणत होतो. तुझ्या मामीला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

मी म्हटलं, "दादा, नियम तुमचाच आहे. एकदा मोडा. तुमचे डोळे..." तर म्हणाले, "सहा दिवस आधी तिकीट खिशात घालून, जेवून, झोप काढून तिथे बसू? नकाशेवाले, त्या जागा अशा माणसाच्या नाहीत. पायांकडे का बघतात ते नाही कळलं तर नाही कळलं."

जिना उतरताना त्यांना मनसोक्त नावं ठेवली, आणि खाली पोचल्यावर वर बघून हात जोडले. अशी माणसं आपल्या गल्लीत राहतात आणि आपण त्यांना खिडकी म्हणतो.

तिकिटं परत पाठवतो आहे. मला काही सुचत नाही.

तुझा मामा


२५ मार्च

प्रिय मामा,

दादांचं बरोबर आहे. तिकिटं रद्द केली.

त्या दोन खुर्च्यांवर मी टिंब परत ठेवलंय, खरोखरचं टिंब, पेन्सिलीच्या रंगाचं. आता त्या फोनवर कुणालाही मिळणार नाहीत. दुसरी घंटा झाली की फक्त दारावरच्या माणसाकडे उघडतील. जो समोर धापा टाकत उभा असेल त्याला. दारावरच्या माणसाला मी फोन करून सगळी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मी कसं ओळखू?" मी म्हटलं, "चपलेकडे बघा."

ह्या प्रयोगालाच नाही, प्रत्येक प्रयोगाला. साहेब म्हणाले, दोन जागांचं नुकसान. मी म्हटलं, दोन वर्षं झालं तेव्हा कुणाला दिसलं नाही.

दादांना हे वाचून दाखव. आणि मामा, तू तरी जा. मागची जागा असली तरी जा.

तुझी भिंगरी


२८ मार्च, दुपारी सव्वातीन

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आज सकाळी आलं आणि मी लगेच दादांकडे जाऊन वाचून दाखवलं. टिंबाचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "पोरगी शिकली. प्रत्येक प्रयोगाला म्हणाली ना? नीट बघा." मी नीट बघितलं, म्हटलं, "हो, प्रत्येक." "मग झालं तर," म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं. मला वाटलं, आता निघतील. तर म्हणाले, "पडतो जरा," आणि भिंतीकडे तोंड केलं.

गेले चौदा महिने ते जिना उतरलेले नाहीत. गुडघे, आणि पायऱ्यांच्या कडा दिसत नाहीत. मी आग्रह केला नाही. घरी आलो, इस्त्रीचा सदरा चढवला आणि आता टेबलाशी बसलोय. मागची जागाही घेतलेली नाही. एकट्यानं जाऊन काय करू? मी ते नाटक पाहिलंय. होडी रंगमंचावर येत नाही. नुसता पाण्याचा आवाज येतो, आणि दिवे असे काही बदलतात की आपल्या खुर्चीखाली... जाऊ दे. दादांना सांगितलं नाही ते तुलाही नाही सांगत.

पण तू केलंस ते फार चांगलं केलंस, पोरी. त्या टिंबात एका माणसाचा सगळा जन्म आहे. ते आता कुठल्या तरी यंत्रात, कुणाला न कळता, जागं राहील. कुणी तरी एक म्हातारी बाई येईल

दार वाजतंय. शेजारचे असतील, वर्तमानपत्र मागायला. थांब.

उभ्या उभ्या लिहितोय. अक्षर हलेल, चालवून घे.

दार उघडलं तर चौकटीला धरून खिडकीदादा उभे! एकटे. सदऱ्याची गुंडी चुकलेली, कपाळावर घाम, श्वास लागलेला. दोन जिने आणि अख्खी गल्ली, पायऱ्या बोटांवर मोजत आले. चौतीस भरल्या म्हणाले. उजव्या पायातली चप्पल हातात, तिचा अंगठा तुटलेला. तुटला की तोडला, मी विचारलं नाही.

मी म्हटलं, "दादा, पावणेचार झाले! तुमच्या चालीनं पोचेपर्यंत दुसरी घंटा होऊन जाईल."

"होऊ दे की," ते म्हणाले. "उगाच का सव्वातीनपर्यंत पडून राहिलो?"

"आणि आपल्याआधी दुसरं कुणी धापा टाकत पोचलं तर?"

"तर त्यांची. आपण पायरीवर बसू, भिंतीला कान लावून."

मी पाणी आणायला वळलो. तर ते चौकटीतून पुढे वाकले. तिकीट मागणाऱ्याच्या बाजूनं ते आयुष्यात पहिल्यांदाच वाकत होते, तरी अगदी तसेच, जसे आम्ही सगळे चाळीस वर्षं त्यांच्यापुढे वाकत आलो. चप्पल वर धरून मला म्हणाले, "साहेब, फार लांबून आलोय हो. दोन मिळतील का?"